चढणीवर उकिडवं

माणूस उकिडवा कसा बसतो हे बघण्याचा मला पगार मिळतो. लग्न होऊन कोरगावात आले तेव्हा चुलतसासऱ्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बसूक कोणाक शिकवचा लागता गो?" शिकवायचं नसतं, मोजायचं असतं, एवढं म्हणून मी विषय मिटवला. आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला चकाकणाऱ्या बारीक गोळ्या चिकटवतात. भिंतीवरचे कॅमेरे त्या गोळ्यांचा माग ठेवतात. माणूस चालला, वाकला, बसला, उठला की कुठला सांधा किती दुमडला आणि कशावर किती भार आला ते पडद्यावर दिसतं. भाताची लावणी करणाऱ्या आणि काजूच्या बिया वेचणाऱ्या बायका तासन्‌तास उकिडव्या बसतात. त्यांच्या गुडघ्यांचं पुढे काय होतं, हा आमच्या संशोधनाचा विषय.

हे काम मी धरलं त्याला कारण होतं. लहानपणी मी निळी होते. ओठ निळसर, नखं जांभळी, बोटांची टोकं फुगीर. लाटंबार्शात आमचं घर आणि शाळा यांच्यामध्ये शेतं होती, आणि त्या वाटेवर मी थोडं चालले की बसायची. पावलं पूर्ण टेकलेली, गुडघे छातीशी, नडग्यांना दोन्ही हातांची मिठी, मान खाली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तसं बसलं की गेलेला श्वास परत येतो, एवढंच ठाऊक होतं. बरोबरची पोरं ओरडायची, "बसली बघ परसाकडे!" शाळेतल्या बाई म्हणायच्या, पोर आळशी आहे. आईसुद्धा हाताला धरून ओढायची, तिला कामावर जायची घाई असायची.

शेवटी शाळेत तपासणीला आलेल्या एका डॉक्टरांनी मला अंगणात तशी बसलेली पाहिलं आणि हिचं हृदय दाखवा म्हणून सांगितलं. हृदयाच्या आतल्या भिंतीला भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती. त्यामुळे बरंच रक्त फुप्फुसात न जाता तसंच अंगभर फिरायचं. उकिडवं बसलं की मांड्यांकडचा प्रवाह अडतो, आणि खालच्या पाटाला बांध घातल्यावर पाणी वरच्या शेतात चढावं तसं रक्त फुप्फुसाकडे वळतं. म्हणजे मी आळशी नव्हते. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला होता की शस्त्रक्रियेची भीती वाटायची राहूनच गेली.

मुंबईला नेऊन छाती उघडली, भोक बुजवलं, वाट रुंद केली. मी गुलाबी होऊन घरी आले. आईने मला कधी नखांना रंग लावू दिला नाही, कारण तिला नखं दिसायला हवी असतात. अजूनही चहाचा कप हातात देताना ती आधी माझ्या बोटांकडे बघते. वाट रुंद करताना तिथली झडप अधू झाली होती, ती थोडी गळते, पुढेमागे नवी बसवावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. बाळंतपण सुखरूप झालं. मग मूल, नोकरी, पावसाळा, गणपती, या सगळ्यात माझी तपासणी मागे पडत गेली.

मुलगा आता चार वर्षांचा आहे. तो पोटात असताना त्याचं हृदय तपासलं होतं. काही दिसत नाही, असं म्हणाले होते. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. माझं झालं नाही, कारण आईबापांपैकी एकाला असलं काही असेल तर मुलाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, हेही त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून त्याला न्हाऊ घालताना मी आधी नखं बघते आणि मग साबण घेते.

यंदाच्या काजूच्या दिवसांत ते सुरू झालं. आमचं घर खाली शेताच्या कडेला आणि रस्ता वर. बालवाडीची रिक्षा रस्त्यावर येते, म्हणून सकाळी त्याचा हात धरून चढण चढायची. वाटेत दोन्ही बाजूंना काजी, म्हणजे काजूची झाडं. अर्ध्यावर गेल्यावर मी पडलेल्या फळांच्या, बोंडवांच्या, बिया काढायला खाली बसले. दोन-चार बिया पिशवीत टाकून वळून पाहते तर तो माझ्यामागे उकिडवा बसला होता. पावलं पूर्ण टेकलेली, गुडघे छातीशी, नडग्यांना मिठी, मान खाली.

मुलं खेळताना उकिडवी बसतात, ते मी शेकड्याने पाहिलंय. त्यांच्या टाचा उचललेल्या असतात, हात मोकळे असतात, मुंगी दिसली की मुंगीमागे अख्खं शरीर सरकतं. हे तसं नव्हतं. दम खायला बसण्याची ही रीत मला ओळखायला कॅमेरा लागत नाही. मी त्याची बोटं उन्हात धरून पाहिली. नखं गुलाबी होती. "दम लागला?" विचारलं, तर त्याने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चढणीवर माझ्या चपलेचा पट्टा निसटला. तो लावून मागे बघते तर पुन्हा तेच.

नवऱ्याला सांगितलं. तो डिचोलीच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि यंत्र बंद पडलं तरच घाबरायचं, असा त्याचा स्वभाव. म्हणाला, "अगो, भुरगीं अशींच बसतत. तुका सगळीकडे सांधेच दिसतत."

"तुमी हसा. माका सगळा ठावक आसा," मी म्हटलं.

सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की आमचा मुलगा एकटाच चढण धावत जातो आणि उंडे घेऊन तसाच धावत खाली येतो. नवऱ्याने मला मुद्दाम दारात उभं केलं आणि ते दाखवलं. "खंय बसलो? धावलो मरे!" मीही पाहिलं. तो बसला नव्हता, धापही टाकत नव्हता. पण पावाच्या आशेने पोरं काय वाटेल ते करतात, असं मी माझ्याच मनाला समजावलं. दुधाने तोंड पोळलेला ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीही फुंकत होते.

मग मी घरीच प्रयोग मांडला. टिकल्यांचं पाकीट काढून त्याच्या कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना लाल टिकल्या चिकटवल्या आणि त्याला अंगणात चालायला लावून मोबाइलवर चित्रण केलं. नवरा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मुलगा मात्र पूजा बांधलेल्या देवासारखा गंभीर होऊन येरझाऱ्या घालत होता. एकदाही बसला नाही. मी समोर फोन धरून ताटकळत उभी राहिले. शेवटी त्यानेच विचारलं, "आई, आता उदबत्ती लावतलंस?"

कामावर माझं लक्ष लागेना. पडद्यावर कुणीही बाई उकिडवी बसली की मला माझ्या पोराची मान दिसायची. एकदा गोळीची जागा चुकीची नोंदवली आणि सगळं मोजमाप पुन्हा करावं लागलं. रविवारी नवऱ्याने आम्हाला मोरजीला नेलं, म्हटलं, हिचं डोकं जरा निवेल. किनाऱ्यावर कासवांच्या घरट्याभोवती जाळी घातली होती. तिथे मुलगा बसला, तो टाचा उचलून, बोटं जाळीत घालून. मला बरं वाटलं. परत गाडीकडे येताना मऊ रेती चढायची होती. पाय रुतत होते. मी चपलांतली रेती झाडायला खाली टेकले, आणि शेजारी बघते तर तो नडग्यांना मिठी मारून बसलेला. नवरा पुढे निघून गेला होता, त्याने हे पाहिलं नाही. मला रडू आलं आणि रागही आला, नवऱ्याचा, रेतीचा, माझ्याकडून त्याला गेलेल्या त्या अदृश्य भोकाचा.

तिथून लाटंबार्शाला आईकडे गेलो. बसथांब्यापासून तिचं घर थोडं चढावर आहे. नवरा गाडी लावून शेजाऱ्याशी बोलत राहिला, आणि आम्ही दोघं चालत वर निघालो. आई दारात उभी होती. आम्ही पोचायच्या आधी तिने आम्हाला वाटेत बसलेलं पाहिलं असणार, कारण तिच्या हातात वाढायची डवली तशीच होती आणि तिच्यातून कढण गळत होतं. तिने आधी त्याची बोटं धरून बघितली. मग माझी.

"कधीपासून बसता ह्यो असो?"

"काजी लागल्यापासून."

"उद्यांच्या उद्यां दाखय. माझ्यासारखी येळ काढू नको." एवढं बोलून ती आत गेली, आणि जेवताना माझ्या ताटात दोनदा भात वाढला तरी माझ्याकडे वर बघेना. एवढी वर्षं झाली तरी तिला ते हाताला धरून ओढणं आठवतं, हे मला माहीत आहे. आम्ही दोघी त्याविषयी बोलत नाही.

मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे वेळ मिळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. मी कपडे वाळत घालायची आणि अर्धेच घालून आत यायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं. मुलगा झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवायची, आणि मग मला माझेच ठोके जाणवायचे, जोरजोरात, वेडेवाकडे. काळजीने होतं, असं मी म्हणायची. बाकी कशाने होणार?

डॉक्टरबाई म्हापशाकडच्या, मोठ्याने बोलणाऱ्या. मुलाला झोपवून त्यांनी त्याच्या छातीवर आणि पोटावर गार जेल लावलं तेव्हा तो खिदळला. मी पडद्याकडे बघत उभी होते. मला सांध्यांची चित्रं वाचता येतात, हृदयाची येत नाहीत. त्या राखाडी हालचालीत मी भोक शोधत होते. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्याचा हातही थंडगार होता, तेव्हा कळलं की हा माणूसही इतके दिवस आतून घाबरलेलाच होता.

"एकदम चांगलं हृदय," बाई म्हणाल्या. "भिंत सलग आहे. वाट मोकळी आहे. झडपा मस्त. घरी जाऊन मासे खा."

माझा बांध फुटला. मी भिंतीला टेकून रडले. देव, डॉक्टरबाई, ते यंत्र, सगळ्यांना एका दमात हात जोडले. माझं पोर निळं होणार नव्हतं. त्याची छाती कोणी उघडणार नव्हतं. या जन्मात याच्यापेक्षा मोठं काही मला मिळायचं नाही.

पण माझा स्वभाव काही जात नाही. डोळे पुसून मी म्हटलं, "मग तो बसतो का?"

"मुलं बसतात."

"तशी नाहीत बसत. माझं कामच ते आहे, डॉक्टर." आणि त्यांना पटवायला मी ओढणी खोचून तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर, बसून दाखवलं. "खेळताना टाच वर असते. हा असा बसतो. टाच खाली, घोटा पूर्ण दुमडलेला, मांडी पोटाला, मान अशी."

मुलगा टेबलावरून उतरला. पोटावरचं जेल तसंच चमकत होतं. तो माझ्या शेजारी आला, बसला, नडग्यांना मिठी मारली आणि मान खाली घातली. टाच, गुडघा, कंबर, सगळं माझ्यासारखं.

डॉक्टरबाई खुर्चीतून वाकल्या. "बाबू, तू कित्याक बसलंस?"

"आई बसली म्हणान."

"वाटेर पण आई बसता?"

त्याने मान डोलावली. मी उठायला गेले. जमिनीला हात टेकून उठावं लागलं, आणि उभी राहिल्यावर टेबलाची कड धरावी लागली. बाईंची नजर माझ्या कुर्त्याच्या गळ्यापाशी, छातीवरच्या जुन्या व्रणाच्या टोकावर होती. मला बिया आठवल्या, चपलेचा पट्टा आठवला, मोरजीची रेती आठवली. प्रत्येक वेळी आधी मी बसले होते. मी त्याचं बसणं बरोबर ओळखलं होतं. ते माझंच होतं.

"लहानपणी शस्त्रक्रिया झालीय ना तुमची?" बाईंनी विचारलं. आवाज आता हळू झाला होता. "झडपेची शेवटची तपासणी कधी केली?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्या बोटांकडे बघत होता.

"हा जन्मायच्या वेळी," मी म्हटलं.

"आणि चालताना असं बसावं लागतं, ते किती वेळा?"

"कधी कधी," मी म्हटलं. "चढण असली तर."

"रोज," माझा मुलगा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याचं पोट पुसलं, त्याला बापाच्या मांडीवर दिलं आणि टेबलावरचा कागद बदलून मला झोपायला सांगितलं.