फिल्टरवाल्याच्या ग्लासात मीठ
मिठाच्या बरणीचं झाकण उघडलं की कळसाडीतल्या आमच्या ओट्यावर आलेला तो फिल्टरवाला आठवतो. एका ग्लासात आमच्या बोअरचं मचूळ पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत त्यानं विजेला जोडलेल्या लोखंडी सळया सोडल्या. आमचं पाणी तपकिरी झालं, वर घाणेरडा फेस आला. त्याचं नितळच राहिलं. "हे विष पिता तुम्ही," तो म्हणाला. वडिलांनी तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवला. आई मात्र सळयांकडेच बघत होती. ती आतून बरणी घेऊन आली. "आमनं पानी खारं शे. तुन्हा पानीमा बी मीठ टाकी दखाड." तो सामान आवरायला लागला, तेव्हा सळया पाण्यातून निघायच्या आत तिनंच त्याच्या ग्लासात चिमूटभर टाकलं. त्याचंही पाणी तस्सं तपकिरी झालं. मिठामुळे पाण्यातून वीज जात होती आणि रंग सळयांच्या लोखंडाचा उतरत होता. आता माझ्या घरी फिल्टर आहे. आई आली की ग्लास आधी उजेडात धरते, मग माझ्याकडे बघते.