एसीतली कात

परवा कडब्याचा वास आला आणि ती दुपार आठवली. माढ्याला शेतात मी गाडी कायम कडब्याच्या गंजीच्या सावलीला लावायचो. त्या दुपारी सोलापूरला परतताना एसीतून गार वाराच येईना. शेजारी बसलेल्या आईने नेहमीप्रमाणे चपला काढून ठेवलेल्या. डॅशबोर्डवर महादेवाची पिंड, तिच्यासमोर चपला कशा घालायच्या? शुक्रवार पेठेतल्या मेकॅनिकने आईच्या गुडघ्यांसमोरचा कप्पा काढून एसीचा फिल्टर ओढला, तर कडब्याच्या भुशासोबत हातभर लांब, ओलसर कात तिच्या अनवाणी पायांवर पडली. आईने झटकन दोन्ही पाय सीटवर घेतले. मेकॅनिक मागे सरकत म्हणाला, "कात ताजी हाय की! मग साप कुटं हाय?" साप सापडलाच नाही. आई आजही गाडीत चपला काढते, पण पाय खाली सोडत नाही.