आमच्या रक्ताचे दोन मालक

माझी नात, म्हणजे लेकीची लेक, धाराशिवला कॉलेजात शिकवते. परवा सुट्टीला आली तेव्हा तिनं पेपरातलं एक वाचून दाखवलं. आता म्हणे मूल पोटात वाढायच्या आधीच त्याच्यातलं बिघडलेलं तेवढं कापून दुरुस्त करता येतं. आईबापाच्या रक्तातून जे खराब उतरायचं, ते उतरूच द्यायचं नाही. आणि ही कात्री आधी कुणाला सापडली यावरून परदेशातले मोठमोठे शास्त्रज्ञ एकमेकांवर कोर्टात गेलेत.

नात म्हणाली, "आजोबा, केवढी मोठी गोष्ट आहे."

म्हटलं, "कात्री नवी असंल. भांडण जुनंच हाय. म्या आपल्या गावात बघितलंय."

तिला वाटलं म्हातारा नेहमीसारखा बढाई मारतोय. मी तिसरीपर्यंत शिकलो, हे ती विसरत नाही आणि मलाही विसरू देत नाही. पण जे बघितलं ते बघितलं. तिला सगळं ऐकून घ्यायला धीर निघाला नाही, म्हणून लिहून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा त्याचे डोळे चांगले होते. आठ-दहा वर्षांचा झाला आणि दिवस मावळला की धडपडायला लागला. घरात आलेल्या माणसाच्या पायावर पाय द्यायचा. आई म्हणायची, रातांधळं हाय, जाईल. ते गेलं नाही. दिवसाचंही कमी दिसू लागलं, कडेचं दिसेना, समोरचं तेवढं दिसे, बांबूच्या पोकळ नळीतून बघावं तसं. मिसरूड फुटून लग्नाचं वय झालं तेव्हा तेही गेलं. आमच्या आज्याच्या एका भावाचंही असंच झालं होतं, असं आई सांगायची.

आमचं गाव नळदुर्ग आणि जळकोटच्या मधलं, हमरस्त्यापासून आत. आमच्यात निम्मं घर कानडी बोलतं. बहिणीची पोरगी मामानं करायची, मामाची पोरगी भाच्याला द्यायची, ही आमची रीत. माझ्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं. त्यात लाज नव्हती, उलट मान होता. पोरगी परक्याच्या दारात गेली नाही, घरातल्या घरात राहिली, असं लोक कौतुकानं म्हणायचे.

तर दुष्काळ पडला त्या साली आम्ही सगळं घर तलावाच्या कामावर होतो. मी माती उपसायचो, बायका पाट्या वाहायच्या. भावाला मुकादमानं खडी फोडायला बसवला होता, कारण त्या कामाला हात लागत होते, डोळे लागत नव्हते. तिथं एक उंच डॉक्टर जीप घेऊन आला. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा. त्यानं भावाच्या डोळ्यात बॅटरी मारून बराच वेळ बघितलं.

भाऊ म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आत काय दिसतंय का? मला तर भायेरचंबी दिसत न्हाय."

सगळी हसली. डॉक्टर हसला नाही. त्यानं आमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं, माझं, बहिणीचं, आईचं, माझ्या तान्ह्या लेकीचंसुद्धा. कशासाठी ते विचारलं नाही आम्ही. रक्त दिलेल्याला सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटायच्या गोड पिठाची, पिशवी जास्तीची मिळत होती. त्या साली सुकडीसाठी माणूस काय काय देईल याला धरबंध नव्हता. डॉक्टर म्हणाला, रक्त तपासून काय ते कळवतो. जीप गेली. कळवायचं राहिलं ते राहिलंच.

पुढं दिवस पालटले. गावात दूध सोसायटी निघाली, चेअरमन झाला, सेक्रेटरी झाला, शिक्का झाला. सोसायटीच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जायचं. देशी गाय मागं पडली. परदेशी वळूचं वीर्य बर्फाच्या डब्यातून यायचं आणि गुरांचा डॉक्टर आमच्या गाई भरवून जायचा. तो जाताना प्रत्येकाला एकच सांगायचा, "कालवड झाली की पहिल्यांदा मला दाखवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही." त्याला कालवडीची माया होती असं नाही. त्याला वर कळवायचं असायचं, आपल्या हातनं काय निपजलं ते.

तोवर माझी लेक लग्नाला आली. ती पाळण्यात होती तेव्हाच बहिणीनं तिच्या पायात चाळ घालून ठेवले होते, ही माझ्या पोराची म्हणून. भाचा चांगला निघाला. नळदुर्गच्या पुढं त्यांची विहिरीवरची जमीन. बहीण एका सकाळी आली आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "अण्णा, आता कुंकू लावून घेऊ. पोरगं ऐकंना झालंय."

ठरल्यातच जमा होतं. त्याच सुमाराला दुसरा डॉक्टर गावात आला. चष्मेवाला, तरणा, दुसऱ्याच संस्थेचा. तो पूर्वी पहिल्याच्या हाताखाली शिकलेला होता, हे मागाहून कळलं. लोकांनी एकाला थोरला डॉक्टर आणि दुसऱ्याला धाकटा डॉक्टर अशी नावं पाडली. धाकट्यानंही आमचं रक्त मागितलं. म्हणाला, थोरल्यानं तुमच्या घराण्यावर जे छापलंय ते चुकीचं आहे, मी ते खोडून काढणार आहे.

आमच्या घराण्यावर काही छापलं गेलंय, हे मला तेव्हा कळलं. ज्यांनी रक्त दिलं त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकटा आलाय म्हटल्यावर थोरलाही जीप घेऊन हजर झाला. चेअरमननं दोघांना सोसायटीच्या खोलीत बसवलं, चहा मागवला, आम्हाला बोलावणं धाडलं. मी भावाला हाताला धरून घेऊन गेलो. माझ्या मनात एकच होतं. दोन शिकलेली माणसं एका जागी आलीत, एक गोष्ट विचारून घेऊ. लेक भाच्याला दिली तर तिच्या पोटाला जे येईल त्याला दिसेल का? बाकी त्यांचं छापलेलं त्यांना लखलाभ.

आम्ही दारात पोचलो तेव्हा आत जुंपली होती.

थोरला म्हणत होता, "दुष्काळात, उन्हातान्हात मी इथं आलोय. ही फॅमिली माझी आहे."

धाकटा म्हणाला, "सर, तुम्ही सतरा-अठरा वर्षं काय केलंत? काम मी करतोय. फॅमिली आता माझी आहे."

भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "अण्णा, आपण दोघांपैकी कुणाचं? जेवायला कुणाकडं जायचं?"

मला हसू आलं नाही. ज्या घराला मी माती उपसून जगवलं, ते घर या दोघांनी माझ्यासमोर वाटून घ्यायला काढलं होतं आणि मी तिथं उभा होतो ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

मी आत जाऊन विचारलं. सरळ विचारलं.

आधी धाकटा म्हणाला, "करू नका. जवळच्या नात्यात हा दोष दोन्हीकडून येऊन एकत्र होतो. मूल आंधळं होऊ शकतं."

थोरल्यानं त्याच्याकडं बघितलंच नाही. म्हणाला, "काही होत नाही. बिनधास्त करा. तुम्हाला दिसतं, बहिणीला दिसतं. माझं मत पहिल्यापासून तेच आहे."

मी म्हणालो, "मंजी एक कोण तरी खोटं बोलतंय."

धाकटा चष्मा पुसायला लागला. मग त्याचा आवाज बदलला. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "लग्न झालं तर एकदाचा निकालच लागेल. तुम्ही करणारच असाल तर करा. फक्त मूल झालं की पहिल्यांदा मला दाखवायचं."

"तुला नाही," थोरला म्हणाला, "मला. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

त्याच खोलीत, त्याच बाकड्यावर बसून, मागल्याच आठवड्यात गुरांच्या डॉक्टरनं मला हेच शब्द सांगितले होते. मी दोघांच्या तोंडाकडं बघितलं. दोघांचे डोळे चमकत होते. माझ्या लेकीला आंधळं पोर होऊ नये असं त्या खोलीत कुणालाच वाटत नव्हतं, आणि व्हावं असंही नाही. त्यांना फक्त काय निपजतंय ते आधी बघायचं होतं.

मी भावाचा हात धरला आणि बाहेर पडलो. चेअरमन मागं पळत आला, "अहो, पावण्यांचा मान राखा, गावाचं नाव हुईल." मी म्हणालो, "तुमच्या गोठ्यातली दाखवा त्यास्नी." त्या दिवसापासून सोसायटीला दूध घालणं बंद केलं. आजतागायत घातलं नाही.

घरी येऊन सांगून टाकलं, हे लग्न होणार नाही. बायको रडली. लेक चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "अप्पा, तुमी दोन डॉक्टरला इचारलं. मला न्हाय इचारलं." एवढंच. पुढं मी जळकोटला दिली तिला, परक्या घरात. तिनं संसार नीट केला. ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तिची पोरं चांगली आहेत, सगळ्यांना दिसतं. भाच्यानं दुसरीकडची केली, त्याच्याही पोरांना दिसतं. मी नातीला एवढं सांगून विचारलं, मग खरं कुणाचं होतं? ती म्हणाली, आजोबा, यावरून काहीच सिद्ध होत नाही, ती दोघं एकमेकांची झालीच नाहीत. शिकलेल्या माणसाचं उत्तर. त्या कात्रीवाल्यांच्या आता सभा भरतात आणि काय चांगलं, काय वाईट ते तिथं ठरवतात म्हणे. ठरवू देत. ज्याचं कापायचं, त्याला त्या खोलीत बसायला बाकडं ठेवलंय का, तेवढं कुणीतरी मला सांगावं.

तेव्हा लग्न मोडल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी बहीण आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. मी तिला सोसायटीतलं सगळं सांगितलं. म्हणालो, "माझी लेक कुणाची कालवड न्हाय."

"मंजी माझं घर गोठा हाय व्हय?" ती म्हणाली. "डॉक्टरला घरात घेऊ नगंस. पोर होईल तेव्हा कडी लावून घेऊ. त्याला काय लागतंय?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही.

"खरं सांग अण्णा. डॉक्टरचा राग हाय का डोळ्याचं भ्या?"

मला खोटं बोलायची सवय नाही. म्हणालो, "दोनीबी."

"आंधळं झालं असतं तर म्या सांभाळलं असतं. तुला कोण सांभाळाय लावत हुतं?"

भाऊ ओट्यावर बसून काथ्या वळत होता. त्याचा हात थांबला. इतका वेळ त्यानं एकही टोमणा मारला नव्हता, तिथंच मला कळायला हवं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "मंजी माझ्यासारखं हुईल म्हणून मोडलंस."

"तसं न्हाय रं."

"मग कसं?"

आता पिकलो, तरी ते मला सांगता येत नाही. तो माझ्या घरात राहत होता, माझ्या ताटात जेवत होता, माझ्या गाईची धार काढत होता. त्याच्यासारखा दुसरा जन्मू नये म्हणून मी रक्ताची बहीण तोडली होती आणि ते त्याच्या देखत, त्याच्या ओट्यावर उभा राहून बोललो होतो.

त्यानं काथ्या गुंडाळला, धोतर झटकलं. बहिणीला म्हणाला, "आक्का, तुझ्याकडं धारा काढायला माणूस लागतंय का?"

ती म्हणाली, "लागतंय की. चल."

एक सदरा आणि घोंगडं, एवढंच त्याचं सामान. ते तिनं काखेत घेतलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं हमरस्त्याकडं एस्टीला निघाली. बायको म्हणाली, हाक मारा की हो. लेक दारात येऊन उभी राहिली. मी हाक मारली नाही. मी मोठा भाऊ, मी काही चुकीचं केलं नव्हतं, आजही तेच म्हणतो.

तो बहिणीकडं राहिला तो शेवटपर्यंत. तिकडचे लोक सांगायचे, फार बोलका माणूस, दिवसभर हसवतो. आमच्या आणि बहिणीच्या गावामधल्या एका गावच्या बाजाराला एकदा तो भाच्याच्या बैलगाडीत बसलेला मला दिसला. मी गाडीच्या अगदी जवळून गेलो. खोकलोसुद्धा. त्यानं मान वळवली, माझा खोकला ओळखला, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मग तो भाच्याला म्हणाला, "चल, उशीर हुतोय."