खाली वाकणे सोपे असते

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. शिक्षण नववीपर्यंतच झाले, तरी माझ्या अर्जातले वाक्य साहेबांना दोनदा वाचावे लागत नाही, हे पेणमधले वकीलही मान्य करतात. एका अर्जाविषयी मात्र मला आता लिहावेसे वाटते, कारण त्यातले प्रत्येक वाक्य बरोबर होते आणि त्याचा उपयोग कोणालाही झाला नाही.

त्याची सुरुवात माझ्या स्वतःच्या कमरेपासून झाली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी खुर्चीतून उठता येईना, म्हणून मी रोह्याला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांच्या खोलीत माणसाच्या पाठीचे मोठे रंगीत चित्र लावलेले होते. कातडी काढलेली, वरचे मोठे स्नायूही बाजूला केलेले, आणि मणक्यांना चिकटून बसलेल्या आखूड तिरप्या दोऱ्या तेवढ्या दाखवलेल्या.

"हे वरचे ओझे उचलतात, ते कळले," मी म्हणालो. "हे खालचे काय करतात?"

"उचलत जवळपास काहीच नाहीत, काका. एका मणक्यापासून वरच्या दोन-तीन मणक्यांपर्यंत जातात आणि त्यांना जागेवर धरतात. तुम्ही नुसता हात पुढे करायचा म्हटले, तरी हात हलायच्या आधी हे कामाला लागतात."

"म्हणजे कचेरीतला शिपाई. साहेबांच्या आधी हजर."

त्या हसल्या. "तसेच समजा. पण हा शिपाई एकदा रुसला की कठीण. पाठीला मार बसला की हे स्नायू गप्प होतात. पुढे दुखणे कमी झाले तरी आपणहून परत येतीलच असे नाही. बारीक होतात, त्यांच्या जागी चरबी भरते."

मग त्यांनी मला वाकायला सांगितले, आणि मी गुडघ्यापाशी थांबलो. त्यावर त्या जे बोलल्या ते मला शब्दशः आठवते. "पूर्ण खाली गेलेला माणूस स्नायूंवर उभा नसतो. ते तिथे सैल सोडतात, आणि सगळा भार मणक्यांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर लोंबतो. खाली वाकणे सोपे असते. खरी परीक्षा उठताना." मी त्या स्नायूंची नावे कागदावर उतरवून घेतली. मल्टिफिडस हे नाव मला विशेष भारदस्त वाटले.

त्यानंतर काही महिन्यांनी गडबच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातले एक जोडपे माझ्या टेबलाशी आले. नवरा पन्नाशीचा. लहानपणापासून मिठागरात राबलेला, पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारा. मिठाची टोपली डोक्यावर असताना बांधावरून पाय घसरला आणि तो कमरेवर आपटला, त्यालाही वर्ष होऊन गेले होते. त्याला अपंगत्वाचा दाखला हवा होता. दाखल्यावर पुरेशी टक्केवारी आली तरच पेन्शनचा अर्ज करता येणार होता, आणि तोच त्यांचा एकमेव मार्ग उरला होता.

"हाडाचा फोटो काय म्हणतो?" मी विचारले.

"हाड बरा हाय म्हनतो," बायको म्हणाली. "हाड बरा, मानूस बरा, मंग आमी काय नाटक करतंव?"

"गप गो," नवरा म्हणाला.

मी त्यांना हाडामागच्या स्नायूंचे सर्व समजावले. बाई ऐकून म्हणाली, "भाऊ, तुमी डाक्टर झालं पायजे होतंत. आमचा सुटला असता." ती थट्टा होती, पण मला ती आवडली, हे कबूल करतो. मी दीड पानाचा अर्ज लिहिला. खोल स्नायूंची नावे घातली, ते मणके कसे धरतात ते लिहिले, आणि ते निकामी झाल्याने अर्जदार फार वेळ उभा राहू शकत नाही असे नमूद केले. एवढा चांगला अर्ज मी पूर्वी लिहिला नव्हता.

माझ्या धंद्याचा एक नियम आहे, आणि तो मी प्रत्येक अर्जदाराला सांगतो. तो त्यालाही सांगितला. "साहेब सांगतील तेवढेच करायचे. जादा बोलायचे नाही. काय सांगायचे ते अर्जात आहे." बायकोला बाहेर थांबायला लावले, कारण घरचे माणूस मध्ये बोलले की शिकवून आणले असा संशय येतो.

तपासणीच्या दिवशी सरकारी रुग्णालयात फाइल घेऊन मी दारात उभा होतो. आत डॉक्टर होते, बाहेर लांब रांग होती. डॉक्टरांनी त्याचे पाय ठोकून पाहिले, मग म्हणाले, "खाली वाका. जमेल तेवढेच."

तो वाकला. चाळीस वर्षे मीठ आणि चिखल यांच्याकडे वाकलेला माणूस तो. त्याचे दोन्ही तळवे फरशीला टेकले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य दिसले, आणि ते कागदाकडे वळून लिहू लागले.

मग तो उठला. एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, पुन्हा पहिला त्याच्या वर, असा तो स्वतःच्याच पायांवरून चढत वर आला. मध्येच थांबला, ओठ आवळले, पण तोंडातून आवाज काढला नाही, कारण जादा बोलायचे नव्हते. तो सरळ होईपर्यंत पुढचे नाव पुकारले गेले होते. ते सर्व फक्त मी पाहिले. "साहेब, उठताना पाहा" एवढेच म्हणायचे होते. पण दारातून बोलणे हे माझ्या शिस्तीत बसत नव्हते.

दाखला आला. टक्केवारी पेन्शनला पुरणारी नव्हती. डॉक्टरांना मी दोष देत नाही. जे त्यांना दिसले ते त्यांनी लिहिले. अर्जात मी स्नायूंची नावे लिहिली होती, मॅडमचे ते उठण्याच्या परीक्षेचे वाक्य लिहिले नव्हते.

मी रोह्याला जाऊन मॅडमना त्याच्याविषयी विचारले, तर त्या म्हणाल्या, आठवड्यातून तीनदा आणा, काही महिने ओझे आणि वाकणे बंद ठेवा, मग बघू. तो निरोप मी त्या जोडप्याला दिलाच नाही. देऊन काय उपयोग होता?

अपिलाची मुदत संपत आली, तेव्हा कागद तयार करून मी त्यांच्या गावी गेलो. लावणी चालू होती. तो रांगेत वाकलेला होता आणि त्याचा हात इतरांहून चांगला चालत होता. बायको बांधावर रोपांच्या जुड्या सोडत होती.

"वाकला का दुखत नाय त्याला," ती म्हणाली. "हुबा ऱ्हायला का जीव जातो. म्हनून वाकूनच असतो. रात्री निजतो पन तसाच, गोळा करून."

मी म्हणालो, "अपील करता येते. दुसरे डॉक्टर तपासतील."

"तिथं बी वाकाय सांगतील?"

"सांगतील."

"मंग तो वाकंल. नाय वाकत असं कसा सांगंल? सगल्या गावाला दिसतंय."

"या वेळी मी सांगेन, उठताना बघा म्हणून."

ती जुडी पाण्यात बुचकळून म्हणाली, "तवा का नाय सांगितलंत?"

मी पिशवीतून अपिलाचे कागद काढले. तिने नवऱ्याला हाक मारली. त्याने मान तेवढी वळवून माझ्याकडे पाहिले.

"सही पाहिजे होती," मी म्हणालो.

"ऱ्हाऊं द्या, भाऊ," तो म्हणाला. "तकडं जायाचा म्हंजे दीस बुडतो. आनि सहीला वर यायला लागंल." हातातली रोपे संपली होती, म्हणून त्याने बायकोपुढे हात केला. तिने जुडी दिली आणि तो पुढच्या ओळीकडे सरकला.

मुदत त्याच आठवड्यात संपली.