शर्टाचा वास आणि माहेरचा उतार

नवऱ्याच्या शर्टाचा वास घेऊन मी त्याचा दिवस सांगू शकत होते. नुसतं डिझेल आलं तर आमच्या भंडाऱ्याकडच्या शहापूरच्या आसपास हायवेवर कुणाचं तरी वाहन बंद पडलं असणार, आणि आमच्या टोचनगाडीनं ते गॅरेजपर्यंत ओढत नेलं असणार. चिखल आला तर कुणाचा ट्रक धानाच्या बांधीत उतरला होता. आणि नाकातून जाता जात नाही असा करपट वास आला, की स्वारी आंबागडकडच्या जंगलातल्या उतारावरून भरलेला ट्रक मागे बांधून आली आहे. तो वास तापलेल्या ब्रेकच्या लायनरचा. लायनर फार तापला की ब्रेक लागेनासा होतो. तो उतार माझ्या माहेरच्या वाटेवरचा, त्याचं प्रत्येक वळण मला पाठ. तो जेवायला बसला की मी मोरीत जाऊन शर्ट नाकाला लावायचे, आणि तसा वास आला की माझी जेवणावरची वासनाच उडायची. मग शर्ट मुकाट्यानं भिजत घालायचे. त्याला यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी समजूत.

मी घरी ब्लाउज शिवते. मशीन पुढच्या खोलीत आहे. गॅरेज शेजारीच, म्हणून गाडी दुरुस्त होईस्तोवर ड्रायव्हर लोक तिथेच चहा पीत बसतात. मँगनीजची गाडी चालवणाऱ्या एकाला मी सहज विचारलं, त्या उताराची भीती नाही वाटत?

"माह्या गाडीले एक्झॉस्ट ब्रेक हाय न, काकू," तो म्हणाला. "सायलेन्सरच्या नळीत झडप रायते. बटन दाबलं का ते बंद होते, धूर कोंडते, अन् इंजनच गाडीले मागं ओढून धरते. पायातल्या ब्रेकाले आराम."

मशीन थांबवून मी त्याच्याकडून ते पुन्हा समजून घेतलं. नवरा आला तशी ताट वाढायच्या आधी विषय वाढला.

"ब्रेक पायात रायते, दुकानात नाई," तो म्हणाला.

"मंग लायनर कायले जाळून आनता?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला कसं कळलं, ते मात्र विचारलं नाही.

चार दिवस मी अबोला धरला. माझा अबोला म्हणजे भांडी आपटणं. पाचव्या दिवशी तो भंगारातून एक जुनी झडप घेऊन आला. काजळीनं भरलेली. मी कात्रीच्या टोकानं ढोसून पाहिली, तर हलेना. "हे उघडी अडली तर ब्रेक नाई, अन् बंद अडली तर गाडीच नाई," मी म्हटलं. तेल टाकलं की चालेल म्हणे! अजूनही ती झडप आमच्या अंगणात तुळशीशेजारी पडून आहे.

शेवटी भंडाऱ्याला स्पेअर पार्टच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. झडप नळीच्या मापाचीच हवी, म्हणून आदल्या दिवशी गाडीखाली वाकून मी सायलेन्सरला टेप गुंडाळून माप घेतलं होतं. दुकानदार सगळं नवऱ्याला विचारायचा, नवरा माझ्याकडे पाहायचा आणि उत्तर मी द्यायचे. माझ्या हातातली टेप पाहून दुकानदार हसला. "का जी बाई, ब्लाउज शिवाचा हाय का?"

"हो, सायलेन्सरचा," मी म्हटलं. मग तो नीट बोलू लागला.

एक झडप हातानं दांडी ओढून लावायची होती. दुसरी हवेवर चालणारी. आमच्या गाडीच्या ब्रेकला हवेची टाकी होतीच, तिच्यातून नळी घेतली की झालं. शिवाय अॅक्सिलेटर दाबला की ही झडप आपोआप उघडणार होती. मी हीच घेतली. चुलीवर दूध ठेवून अंगणात गप्पा मारत उभा राहणारा माणूस दांडी परत ढकलायची आठवण ठेवील, यावर माझा काडीचा भरवसा नव्हता.

मिस्त्री आमच्या ओळखीचा, शहापूरचाच. त्यानं नळी कापली, दोन्ही तोंडांना चकत्या वेल्डिंग केल्या, मधे झडप बसवून बोल्ट आवळले, हवेची नळी जोडली आणि स्टेअरिंगशेजारी एक बटण लावलं. उभ्या गाडीत दाबून पाहिलं तर खालून टक्क आवाज आला. मी टाळ्याच वाजवल्या. "वहिनी, खरी परीक्षा उतारावरच व्हते," मिस्त्री म्हणाला.

परीक्षेला सोयीचा मुहूर्त होता. दिवाळी झाली होती आणि झडप बसवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या माहेरची मंडई होती. आमच्या भागात मंडई म्हणजे गावची जत्रा. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, घराघरांत पाहुणे मावत नाहीत. दरवर्षी मी एसटीनं जायचे, कारण त्या गाडीत बसणार नाही असं मी बजावून ठेवलं होतं. या वर्षी नवी साडी नेसून टोचनगाडीत चढले.

उतार आला. त्यानं ऐटीत बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडी आपली सुसाट. त्यानं पायातला ब्रेक दाबला आणि तोंड सोडलं. आधी मिस्त्रीवर, मग दुकानदारावर, मग माझ्यावर. "बायकोच्या नादी लागून..."

पण मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

"गाडी न्यूटलमधी काहून हाय?"

त्यानं खाली गिअरकडे पाहिलं. उतार दिसला की गिअर काढायचा, फुकटात गाडी घरंगळू द्यायची आणि डिझेल वाचवायचं, ही इकडच्या सगळ्या ड्रायव्हरांची जुनी खोड. हातानं आपसूकच गिअर काढला होता, त्याला पत्ताही नव्हता. चाकांपासून इंजिन सोडवल्यावर ते ओढणार कुणाला?

त्यानं गाडी हळू करून गिअर टाकला आणि बटण दाबलं. गाडी खोल आवाजात घुमली आणि दावं ओढलेल्या बैलासारखी आवरली. त्याचा पाय ब्रेकवर नव्हताच. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लहान पोरासारखा हसला. खाली पोचल्यावर गाडी वळवली, वर नेली, पुन्हा उतरवली. आणि पुन्हा एकदा. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला थांबवलं नाही.

"उशीर काहून झाला?" आईनं दारातच विचारलं.

"तुहा जावई उतारावर खेळून राहिला होता," मी सांगितलं.

दुपारी मंडईत दंडारीचं लोकनाट्य रंगात आलं आणि त्याचा फोन वाजला. त्याच उताराच्या माथ्यावर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, भरलेला ट्रक बंद पडला होता. तो उठला. मीही उठले. "तू कायले?" तो म्हणाला. मी सरळ गाडीत जाऊन बसले.

मागे एवढं ओझं बांधलं की खेळ संपतो. मी एका हातानं दाराची कडी घट्ट धरली होती. माथ्यावरच त्यानं खालचा गिअर टाकला, आणि टाकल्याचं मला दाखवलंही. मग बटण. एकेका वळणाला तो पाय जरासा टेकवायचा आणि उचलायचा. गाडी घुमत, रमतगमत उतरत होती. खाली शिंगाड्याचा तलाव दिसला तेव्हा कडीवरचा माझा हात केव्हाच सुटला होता.

ट्रक पोचता करून घरी परतायला दिवेलागण झाली. मी हातपाय धुऊन आले तर तो बनियनवर उभा, हातात शर्टाची गुंडाळी.

"घे," तो म्हणाला. "हुंग."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. मग शर्ट नाकाला लावला. डिझेल होतं, घाम होता आणि मंडईतल्या जिलेबीचं तूप. दुसरं काही नव्हतं. मी पुन्हा हुंगला, आणि तसाच तोंडावर धरून ठेवला, कारण मला रडू येत होतं.