हौस म्युझिक

आष्टीच्या बाजारात माझं दुकान होतं, त्याची पाटी शेवटपर्यंत चुकीचीच राहिली. पेंटरला सांगितलं होतं, 'हाऊस म्युझिक' लिही. त्याने लिहिलं 'हौस म्युझिक' आणि कोपऱ्यात आपल्या मनानेच एक सनई काढली. मी तापलो, तर तो शांतपणे म्हणाला, "हाऊस म्हंजे घर. घराचं कुठं म्युझिक असतंय का? तुमाला हौसच म्हणायचं आसंल." सगळ्या बाजाराने त्याचीच बाजू घेतली. हाऊस म्हणजे एकसारख्या ठोक्यावरचं विलायती नाचाचं संगीत, हे गावाला समजावत बसण्यापेक्षा हौस परवडली, म्हणून मी पाटी तशीच टांगली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाटी वाचली आणि म्हणाले, "बराबर लिव्हलंय. धंदा न्हाईच हा. हौस हाय."

त्यांच्या तोंडी हौस ही शिवी होती. ते परतूरला एका जिनिंगात मशिनीवर होते. कापसातली सरकी काढणाऱ्या त्या मशिनींच्या गदारोळात त्यांचं सगळं वय गेलं. जिनिंग बंद पडून ते घरी आले, तेव्हा कान बरेचसे तिथेच राहिले होते. आधी त्यांना चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग बायकांचे आवाज, मग आम्ही. माय कानाशी जाऊन ओरडायची, ते भलतंच उत्तर द्यायचे, आणि आलेगेले हसायचे. ते हसणं त्यांना दिसायचं. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. मला त्यांचा राग यायचा आणि भीतीही वाटायची, की एक दिवस हे घरात असून नसल्यासारखे होतील.

माझ्याकडे ते संगीत आलं पुण्याहून. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा मावसभाऊ तिथे एका हॉटेलात कामाला होता. शनिवारी तिथे नाच असायचा, आणि गाणी लावणाऱ्याच्या हातापाया पडून तो माझ्यासाठी कॅसेटी भरून आणायचा. कॅसेटींवर नावं नसायची, म्हणून मीच ठेवली. एक होतं 'घिसाडी', त्यात ऐरणीवर घण पडावा तसा ठोका होता. एक 'गोफण'. त्यातला आवाज गरगर फिरत वर चढत जायचा, आता सुटेल, आता सुटेल म्हणता म्हणता एकदम सुटायचा. तेवढ्या सुटण्यासाठी मी ते गाणं पुन्हा पुन्हा मागे नेऊन लावायचो. एकात एक बाई सारखा एकच शब्द म्हणायची. तो कुठल्या भाषेतला हे मला आजही माहीत नाही, पण ती फार दुःखात होती एवढं कळायचं. त्याला मी नुसतं 'बाई' म्हणायचो.

दुकानात कॅसेटी भरून द्यायच्या आणि वरातीत गाणी वाजवायची, हा माझा धंदा. दोन कॅसेट-डेक, मधे मिक्सर, शेजारी ॲम्प्लिफायर. दोन गाण्यांचा ठोका एक व्हावा म्हणून मी डेकचं झाकण काढून मोटरीचा स्क्रू पेचकसाने हलके हलके फिरवायचो. एका गाण्याच्या पोटातून दुसरं कधी निघालं हे कळू नये, हीच सगळी करामत. ती कळणारा माणूस गावात नव्हता. एका वरातीत मी जीव ओतून अशी जुळणी केली, तर नवरदेवाचा मामा बराच वेळ वाट बघून माझ्याजवळ आला.

"मशीन गरम व्हायला लई टाइम लागतो का? गाणं कवा लावता?"

"हेच गाणं हाय मामा."

"मंग टेप अडकली आसंल. सारखं तेच ते वाजून राह्यलंय."

गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. मी निमूटपणे नेहमीचं हिंदी गाणं लावलं आणि वरात नाचायला लागली. पोट त्याच गाण्यांवर होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

एका दुपारी माय आजारी होती म्हणून माझा डबा घेऊन अण्णा दुकानात आले. आतवर कधी न येणारे ते उंबऱ्यातच थांबले. मी एक साधं गाणं लावलं होतं. त्यात सूर फारसे नव्हतेच, खाली नुसता एकसारखा जाड ठोका.

"काय वाजवून राह्यला रे?"

मी कॅसेटचं खोकं दाखवलं.

"हे ऐकू येतंय मला," अण्णा म्हणाले. "बराबर येतंय. आमची मशीन आशीच चालायची. माल चांगला आसला का आशीच."

ते स्टुलावर बसले आणि गाणं संपेपर्यंत गुडघ्यावर बोटं वाजवत राहिले. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी पाठ फिरवून कॅसेटी रचत बसलो. त्या गाण्याचं नाव त्या दिवसापासून 'जिनिंग' झालं.

मग ते रोज दुपारी यायला लागले. मी खास त्यांच्यासाठी कॅसेट भरली. सुरुवातीला 'जिनिंग', त्यातून 'घिसाडी' आणि शेवटी 'गोफण'. 'बाई' त्यांना ऐकू यायची नाही, म्हणून वगळली. 'जिनिंग'वर मी बाजारातल्या एकाकडून हलगी वाजवून घेऊन बसवली. माझ्या हातून झालेलं तेवढं एकच रिमिक्स मला अजून आवडतं. अण्णा ऐकता ऐकता बोलायचे. मशिनीच्या पट्ट्याबद्दल, सरकीच्या धुळीबद्दल, तरणेपणी परतूरच्या स्टेशनावर एकदा रेल्वेत बसून निघून जावंसं वाटलं होतं त्याबद्दल. जन्मभरात ते माझ्याशी बोलले नसतील तेवढं त्या दुपारांमध्ये बोलले.

हा ठोकाही एक दिवस त्यांच्या कानांतून जाणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी खालचा आवाज वाढवत गेलो. शेजारी कापडवाले चाचा होते. त्यांचे कापडाचे तागे फळीवर थरथरायचे. एकदा ते येऊन म्हणाले, "बेटा, बड़े मियाँ सुन लिए ना? अब जरा कम करो." मी कमी केला आणि ते गेल्यावर पुन्हा वाढवला. पुढे त्यांनी तक्रार करणं सोडलं.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एका दुपारी अण्णांची कॅसेट लावून मी चहा सांगायला गेलो. परत आलो तर दुकानात चिडीचूप. वाटलं, वीज गेली. पण ॲम्प्लिफायरच्या तोंडावरची लाल-हिरव्या दिव्यांची पट्टी उड्या मारत होती. स्पीकरची वायर मागून निसटली होती, एवढंच. अण्णा समोर बसले होते. नजर दिव्यांवर, आणि लाल दिवा लागला की गुडघ्यावर बोट. ठोका एकही चुकत नव्हता. मला बघून त्यांनी मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, "आज लई साफ वाजून राह्यलंय."

मी "हो" म्हणालो. वायर जोडली. त्यांच्या बोटात तसूभर फरक पडला नाही.

संध्याकाळी घरी मायला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबलीसुद्धा नाही.

"त्यायला कवाचंच काय ऐकू येत न्हाई," माय म्हणाली. "येकदा ढोल पाठीमागून वाजत गेला तरी कळलं न्हाई."

"मंग रोज कशाला येतेत दुकानात?"

"म्या बी तेच इचारलं खुणा करून. तर म्हन्ले, माझे कान गेले ते गेले. पोराची हौस कामून घालवू?"

मी जेवलो नाही. हौस हा शब्द त्यांनी असा वापरलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि तोही मायच्या तोंडून ऐकावा लागला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले. मी 'जिनिंग' लावलं, आणि ॲम्प्लिफायर फळीवरून काढून त्यांच्या स्टुलासमोर, डोळ्यांना नीट दिसेल असा ठेवला.