स्प्रिंगबाईंचा बेडूक

घड्याळांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना तिथे सगळे स्प्रिंगबाई म्हणत. स्प्रिंग अंगठ्याखाली दाबून ती किती वर्षं टिकेल हे त्या सांगत, आणि ते बहुधा खरं निघे. निवृत्त झाल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या. लेक नर्स होती आणि जावई पाट्या रंगवणारा पेंटर. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. जावई फार आदबशीर. इतका, की "आई, चहा घेणार का?" आणि "आई, पंखा लावू का?" याच्यापुढे त्यांच्या बोलण्याची गाडी कधी जात नसे. बाईंचे हात शिवशिवत. त्यांनी आठवडाभरात घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि मग करायला काही उरलं नाही.

शेजारी फळवाल्याचं दुकान असल्यामुळे माशांना तोटा नव्हता. फळांवर आडवा हात मारून झाला की त्या ओल्या ऑइल पेंटवर बसायला येत आणि तिथेच चिकटत. एका सकाळी खतवाला दुकानदार आपली नवीकोरी पाटी काखेत मारून हजर झाला.

"पेंटर, हे काय लिहिलंय?"

"उत्तम खत मिळेल."

"नीट वाचा."

जावयाने चष्मा लावला. 'ख'च्या डोक्यावर एक माशी वाळून बसली होती, अगदी मोजून ठेवल्यासारखी. पाटी म्हणत होती, 'उत्तम खंत मिळेल'.

"सकाळपासून तिघांनी भाव विचारला," खतवाला म्हणाला. "एक जण म्हणाला, माझ्याकडे घरचीच पुष्कळ आहे."

जावयाचा चेहरा एवढासा झाला. दारात उभ्या असलेल्या स्प्रिंगबाई तोंड फिरवून पोटभर हसल्या, आणि खतवाला गेल्यावर म्हणाल्या, "या माशांचं काहीतरी बघायला हवं."

"मी बघतो आई. तुम्ही कशाला त्रास घेता?"

बाईंना तर त्रासच हवा होता. सायकलचा पंप आणि बॉलपेनची नळी जोडून त्यांनी बंदूक केली. गोळी म्हणून चिमूटभर मीठ. पहिल्याच झटक्यात माशी आडवी झाली, पण दवाखान्याची ओली पाटी मिठाने चमचमायला लागली. "छान चमकतंय," असं म्हणून जावई ती पाटी गुपचूप परसात घेऊन गेला आणि टर्पेंटाइनने धुऊन काढली. बाईंना कळायचं ते कळलं.

मग गजराच्या जुन्या घड्याळाला त्यांनी रबरी चपलेचा तळवा बसवला आणि पुढे एक दोरा ताणला. दोऱ्याला जरा धक्का लागला की सणकन चापट. हे काय आहे म्हणून फळवाला वाकला आणि ती त्याच्या टकलावर बसली.

"हे माशीसाठी आहे?" त्याने डोकं चोळत विचारलं.

"हो."

"मग माशीला काळजी नाही."

त्या दुपारी जेवताना जावई पहिल्यांदा मोकळं बोलला. "आई, राग मानू नका, पण यातलं काहीच उपयोगाचं नाही. मीठ नको, चापट नको. ओल्या रंगाला काहीही लागलेलं चालत नाही. माशी वरच्यावर उचलली पाहिजे."

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. चार महिन्यांत हा माणूस त्यांच्याशी एका दमात इतकं बोलला नव्हता. राग राहिला बाजूलाच, कारखान्यात साहेबाने नवीन कामाचा कागद हातात द्यावा तसं त्यांना वाटलं.

"किती वरच्यावर?"

"केसभर."

"एवढंच ना? मग आधी का नाही बोललात?"

पुढचे पाच दिवस त्यांनी मान वर केली नाही. जावयाची मोडकी मोजपट्टी घेतली, तीच, सोडली की सर्रकन आत जाणारी. ती कापून जीभ केली. साबणाच्या डबीचं पोट, तारेचे पाय, जिभेच्या टोकाला लेकीने दिलेली चिकटपट्टी. मागे एक स्क्रू, तो फिरवला की जीभ कुठे थांबायची ते ठरे. दोन स्प्रिंगा तुटल्या, तिसरी अंगठ्याला पटली आणि बेडूक तयार झाला.

त्याच खतवाल्याची पाटी पुन्हा रंगवून ठेवली होती. 'म'वर माशी उतरली. बाईंनी बेडकाचे पाय पाटीच्या कडेला टेकवले, स्क्रू पाव आटा मागे घेतला आणि खटका दाबला. टक्. माशी जिभेवर, जीभ पोटात. जावयाने अक्षराला नाक लावून बघितलं, मग बाजूने बघितलं.

"आई, कुठे ओरखडासुद्धा नाही."

"मग? एकतीस वर्षं काय झोपा काढल्या?"

फळवाल्याला बेडूक हवा झाला, मग त्याच्या मेहुण्याला, मग गल्लीतल्या न्हाव्याला. बाई आठवड्याला दोन करू लागल्या. जावई ते रंगवू लागला आणि तिथेच त्याची आदब संपली.

एका दुपारी लेक ड्यूटीवरून आली तर पुढच्या खोलीतून चढे आवाज येत होते. ती धसकून चप्पल न काढताच आत शिरली.

"डोळे पिवळेच हवेत, आई. लांबून दिसतात."

"माशीलाही दिसतात. काळे करा."

"रंगातलं मला कळतं."

"आणि बेडकातलं मला."

"जेवलात का दोघं?" लेकीने विचारलं. कोणी वर बघितलं नाही. जमिनीवर बिस्किटाचे तुकडे रांगेत मांडले होते आणि कोणाचा बेडूक जास्त टिपतो त्याची खडूने नोंद होती. स्प्रिंगबाई दोनाने पुढे होत्या. लेक आत गेली आणि तिने तीन कप चहा ठेवला.